झोप साडेचार तास, तरी लेखन भरपूर: हे कसे?

प्रश्न: दिवाळी अंकांच्या कामामुळे गेला आठवडाभर मला रोज जेमतेम साडेचार तास झोप मिळाली, तरीही दोन लेख आणि एका पुस्तिकेचा अनुवाद असे सुमारे नऊ हजार शब्द हातावेगळे झाले, या वेगावर कितपत विसंबावे?

उत्तर १: अपुऱ्या झोपेत हात चालत राहतो, पण चुका टिपणारी नजर मंदावते आणि ती मंदावल्याचे आपल्याला जाणवतही नाही, म्हणून मजकूर एकदा मोठ्याने वाचून पाहावा.

उत्तर २: संध्याकाळचा चहा आधी बंद करा (मला ते अजून जमलेले नाही), त्यातल्या झोप उडवणाऱ्या कॅफिनचे शरीरातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात.

प्रश्नकर्ती: वाचून पाहिले. ‘कामगार दिन’ तीन ठिकाणी ‘कामगार दीन’ झाला आहे, आणि तो लेख कालच संपादकांकडे गेला.