एचएक्स स्टॉम्पसाठी पॉवर्ड स्पीकर: ८ इंची, १० इंची की १२ इंची?

कर्वेनगर_स्ट्रॅट
नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझ्याकडे लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प आहे (अॅम्प आणि इफेक्ट्सची नक्कल करणारा डिजिटल पेडल), अॅम्प विकून टाकलाय, आता सगळं स्टॉम्पवरच. घरी हेडफोनवर साउंड एकदम मस्त येतो पण जॅम रूममध्ये त्यांच्या पीएला (गाण्याबिण्याची साउंड सिस्टिम) लावलं की तोच प्रीसेट (सेव्ह केलेलं सेटिंग) बोचतो, वरचे नोट्स कानात घुसतात आणि पाम म्यूट केलं (तळव्याने तारा दाबून वाजवलं) की खालून नुसता गोळा. म्हणून स्वतःचा एफआरएफआर (फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स, म्हणजे जे येईल ते तसंच ऐकवणारा) स्पीकर घ्यायचा विचार चाललाय. आमचा ५ जणांचा बँड, ड्रम्स अकूस्टिक, बाणेर आणि कोरेगाव पार्कच्या कॅफेत वाजवतो, मधेमधे कॉलेजची गॅदरिंग्ज. एकदा फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या नाट्यस्पर्धेत लाइव्ह म्युझिकलाही वाजवलंय. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सामान बहुतेक वेळा अॅक्टिव्हावरच जातं. बजेट ४० हजारापर्यंत.

डोक्यात हेडरश १०८ (८ इंची), हेडरश ११२ (१२ इंची) आणि यामाहा डीबीआर१० (१० इंची) आहेत. फेंडरचा एफआर-१२ फार आवडलाय पण तो बजेटच्या बाहेर जाईल असं वाटतं. मुख्य प्रश्न असा की १०८ एवढासा डबा आणि त्यावर २००० वॉट लिहिलंय, मग ११२ घेण्यात पॉइंट काय? आणि मुळात गिटारवाल्यांसाठी म्हणून विकतात तो एफआरएफआरच घ्यायचा की साधा पीए स्पीकर चालेल?

पेठेतला_साउंडवाला
भावा, आधी ते वॉट बाजूला ठेव. डब्यावर लिहिलेला आकडा पीक असतो, म्हणजे क्षणभर जे निघू शकतं ते. सलग निघणारं त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी धरायचं, आणि वॉट दुप्पट झाले तरी आवाजात फरक पडतो ३ डीबीचा (डेसिबल), कानाला दुप्पट वाटायला १० डीबी लागतात म्हणजे दहापट पॉवर. त्यामुळे १००० की २००० यावर डोकं घालवू नको. स्पेक शीटवर मॅक्सिमम एसपीएल (जास्तीत जास्त किती मोठा आवाज निघतो ते) बघ, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्पीकर फुल केल्यावर आवाज स्वच्छ राहतो की लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारं सर्किट) लागून दबतो हे ऐक. छोट्या स्पीकरमध्ये आतला प्रोसेसर वूफरला वाचवायला आधी बेस कापतो. एकट्याने वाजवताना जाड वाटणारी गिटार ड्रमर सुरू झाला की पातळ होते, त्याचं मोठं कारण हेच.

आता तुझा खरा प्रश्न हा की स्टेजवर तुझी गिटार लोकांपर्यंत पोचवणार कोण? कॅफेत पीएला लाइन जात असेल तर हा डबा फक्त तुझ्यासाठी आणि ड्रमरसाठी मॉनिटर, मग ८ इंची पण पुरतो. कॅफेच्या पीएवर फक्त व्होकल जात असतील आणि गिटार तुझ्याच डब्यातून बाहेर पडणार असेल तर १० च्या खाली जाऊ नको. गिटारची खालची ई म्हणजे ८२ हर्ट्झच्या आसपास, आणि बँडमध्ये १०० च्या खालचा भाग तसाही बेसवाल्याचा, त्यामुळे १५ इंची वगैरेची गरजच नाही.

मी पूर्ण विचार करून डीबीआर१० सांगेन. साडेदहा किलो आहे, तिसऱ्या मजल्यावर एका हातात जातो, ११२ साधारण १६ किलोचा आहे. शिवाय आडवा ठेवला की वेज (जमिनीवरचा तिरका मॉनिटर) होतो, पोलवर लावला की लोकांसाठीचा मेन. मागे डी-कॉन्टूर नावाचा स्विच आहे, गिटारसाठी तो ऑफच ठेव. मेनवर टाकलास की खालचं-वरचं फुगवतो, रेकॉर्ड गाण्यांना छान वाटतं पण गिटारला तेच बाधतं.

वारजे_ट्यूबप्रेमी
साउंडवाल्या दादांशी सहमत, पण बोचण्याबद्दल कोणी बोललंच नाही. मित्रा, तो प्रॉब्लेम स्पीकर बदलून जाणार नाही हे आधी लक्षात घे, नाहीतर ४० हजार घालशील आणि आवाज तसाच राहील.

गिटार अॅम्पमधला १२ इंची स्पीकर, मग व्हिंटेज ३० असो की ग्रीनबॅक, ५ किलोहर्ट्झच्या पुढे जवळजवळ काहीच देत नाही, आणि डिस्टॉर्शनची सगळी करकर नेमकी त्याच्या वर असते. म्हणजे गिटार कॅब (स्पीकरचा डबा) हा स्वतःच एक फिल्टर असतो. पीए किंवा एफआरएफआर मात्र २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं दाखवतो, चटणीत राहिलेला मिठाचा खडा कसा दाताखाली येतो तसं. स्टॉम्पमधला कॅब ब्लॉक किंवा आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाची डिजिटल छाप) तो फिल्टर लावतो, पण बरेचसे आयआर माइक अगदी स्पीकरच्या मधल्या कॅपला चिकटवून घेतलेले असतात, त्यात वरचा भाग भरपूर असतो. कॅब ब्लॉकमध्ये हाय कट (त्या आकड्याच्या वरचं कापणारा) आहे, तो ६ ते ८ किलोहर्ट्झच्या मधे आण, लो कट (खालचं कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर. एवढं करून जॅम रूमच्या त्याच पीएवर वाजवून बघ, अर्धं बोचणं तिथंच जाईल.

दुसरं कारण व्हॉल्यूम. हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, १९३३ साली बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलंय. घरी रात्री बारीक आवाजात प्रीसेट बनवताना आपण नकळत दोन्ही वाढवतो, मग तोच प्रीसेट ड्रम्सच्या बरोबरीने लावला की खाली गोळा आणि वर सुई. तू लिहिलेलं वर्णन डिट्टो हेच आहे. गिगचे प्रीसेट गिगच्या व्हॉल्यूमलाच बनवायचे, याला पर्याय नाही. सोसायटीत ते शक्य नाही, म्हणून जॅम रूमचा पहिला अर्धा तास फक्त त्यासाठी ठेव, बाकीच्यांना चहाला पाठव.

आणि स्पीकर पायाशी सरळ उभा ठेवून वाजवू नको. हॉर्नचा (ट्रेबल देणारा भोंगा) आवाज नाकासमोर जातो, तुझ्या पोटऱ्यांना ट्रेबल मिळणार आणि पुढच्या टेबलवरच्या माणसाच्या कानात सुई. तिरका करून स्वतःच्या डोक्याकडे फिरव. जमिनीवर, भिंतीला लागून ठेवला की बेस वाढतो, कोपऱ्यात तर अजूनच, तेव्हा भिंतीपासून थोडा पुढे.

कर्वेनगर_स्ट्रॅट
बापरे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून थँक्यू. हाय कट तर माझा पूर्ण उघडाच आहे. अजून एक, आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याकडे बॉसचा कटाना ५० अॅम्प आहे, त्याच्या पॉवर अॅम्प इनमध्ये स्टॉम्प लावला तर स्पीकर घ्यायचाच कशाला असं तो म्हणतोय. आणि अॅम्प मागे उभा असल्यावर पँटला हवा लागते, तो फील एफआरएफआरमध्ये येतो का?

सिंहगडरोड_बेसकाका
फीलचं सरळ सांगतो बाळा, तसाच्या तसा येत नाही. आयआर म्हणजे माइकने पकडलेला कॅब, त्यामुळे एफआरएफआरमधून येतो तो रेकॉर्डिंगमधल्या गिटारचा आवाज, खोलीत उभ्या अॅम्पचा नाही. मला स्वतःला हा फायदा वाटतो, कारण लोकांना पीएतून ऐकू येतं ते हेच आणि तुलाही तेच ऐकू येतं. आमच्या बँडमधल्या पोराने हे एकदा स्वीकारलं आणि मग त्याचं दर गाण्याला नॉब फिरवणं थांबलं.

कटाना लावता येईल, त्यात चूक काही नाही. फक्त कटानाचा स्पीकर गिटारचाच स्पीकर आहे, म्हणून स्टॉम्पमधला कॅब बंद करायचा, नाहीतर कॅबवर कॅब होऊन आवाज गोधडीखालून आल्यासारखा. मग पीएला काय द्यायचं? तिथं तर कॅब हवाच. स्टॉम्पमध्ये कॅबच्या आधी सेंड ब्लॉक टाक, तिथून विदाउट कॅब कटानाला आणि मेन आउटमधून विथ कॅब मिक्सरला. छान चालतं, पण ब्लॉक एक जातो आणि दर गिगला दुसऱ्याच्या अॅम्पवर अवलंबून राहायचं. शिवाय अकूस्टिकचा पॅच वाजवायचा असेल तर गिटार स्पीकरमधून तो मेलेला येतो. दोन्ही प्रकार एकाच डब्यात हवे असतील तर लाइन ६ चा पॉवरकॅब त्याच विचाराने बनवलाय, फ्लॅट पण होतो आणि स्पीकर मॉडेल पण, पण तो तुझ्या बजेटात आणि अॅक्टिव्हावर दोन्हीकडे बसणार नाही.

फेंडरचा विषय निघालाय म्हणून, एफआर-१०, एफआर-१२ हे २०२३ ला आले, त्यांच्यावर ईक्यूबरोबर (बेस-ट्रेबल कमीजास्त करायचे नॉब) हाय कटचा नॉबही दिलाय. तीच गोष्ट स्टॉम्पच्या ग्लोबल ईक्यूत फुकट आहे. नुसत्या त्या नॉबसाठी थांबू नको.

पेठेतला_साउंडवाला
जोडणीचं राहिलं. एकच स्पीकर असेल तर मेन आउटमधला लेफ्ट/मोनो वापर, राइट रिकामा ठेव, स्टॉम्प आपोआप मोनो करतो. ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट लाइनवर, स्पीकरचं इनपुट पण लाइनवर, माइकवर राहिलं तर आवाज फाटतो आणि माणूस स्पीकरला शिव्या घालतो. केबल बॅलन्स्ड घे, टीआरएस ते एक्सएलआर, तापकीर गल्लीत समोर बसून सोल्डर करून देतात, लांबी सांगून बनवून घे. वेन्यूच्या मिक्सरला थेट एक्सएलआर देताना त्या चॅनलचा फँटम ४८ व्होल्ट (माइकसाठी मिक्सर केबलमधून सोडतो तो पुरवठा) बंद आहे ना हे विचार, नाहीतर मधे डीआय (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) टाक.

हम आला तर स्पीकरवर किंवा डीआयवर ग्राउंड लिफ्टचा स्विच असेल तर तो दाब किंवा सगळं एकाच बोर्डवरून घे. पण प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही, कोणी कितीही सांगू दे. कॉलेजच्या मांडवात आणि गणपतीत वायरिंग कसं असतं हे मी रोज बघतो, आणि हातात गिटारची तार, ओठाला माइक लागलेला असतो.

विकत घ्यायच्या आधी एक दिवस भाड्याने आण. गणपती आणि लग्नसराई सोडून कधीही मिळेल, दहा इंची कुठलाही चालेल. स्वतःची गिटार, स्वतःचा स्टॉम्प, आणि ड्रमर वाजवत असताना. दुकानात एकट्याने वाजवलेलं काही कळत नाही, तिथं सगळेच डबे भारी वाटतात.

कर्वेनगर_स्ट्रॅट
ठरलं मग, शनिवारी जॅमला डीबीआर१० भाड्याने आणतोय, आणि मित्राचा १०८ पण मिळतोय, दोन्ही एकाच प्रीसेटवर लावतो. हाय कट ७ वरून सुरू करू ना?

वारजे_ट्यूबप्रेमी
७ वरून कर आणि ड्रम्स चालू असताना खाली आण. सोलो ऐकू येईना झाला की थांब, तिथून थोडा वर. आणि तो आकडा दोन्ही स्पीकरना वेगवेगळा निघेल, लिहून ठेव. इथं टाक, मलाही १०८ चा बघायचाय.