चालतंय म्हणून जुनं मायक्रोसॉफ्ट ऑफिस ठेवू नका
‘ऑफिस २०१० अजून मस्त चालतंय, उगाच खर्च कशाला?’ असं कुणी विचारलं, तर त्याबद्दल. चालतंय हे खरं, पण त्याचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२० मध्येच थांबले. २०१६ आणि २०१९ चेही १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. बाहेरून मेलवर आलेली बिलं ज्या मशीनवर रोज उघडतात, तिथे व्हायरसचा हा धोका मी तरी पत्करणार नाही.

मी स्पेअर पार्ट्सच्या दुकानाचे हिशेब बघते. आमची स्टॉकची फाइल जुन्या एक्सएलएसमधली (.xls, एक्सेलचा जुना फाइल-प्रकार). नवीन एक्सेल घेतलं, तरी ६५,५३६ व्या ओळीनंतर नोंद होईना. वर बघितलं तर फाइलच्या नावापुढे ‘कंपॅटिबिलिटी मोड’, म्हणजे फाइल जुन्याच मर्यादांत उघडलेली! एक्सएलएसएक्समध्ये (.xlsx, नवा फाइल-प्रकार) सेव्ह करून पुन्हा उघडली, तेव्हा कुठे १०,४८,५७६ ओळी मिळाल्या. (मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतील तर एक्सएलएसएममध्ये (.xlsm) सेव्ह करा, नाहीतर ते उडतात.)

सगळी मशीन एकदम बदलू नका हो. आधी एकावर मार्चअखेरची खरी फाइल चालवून बघा, प्रिंटसुद्धा काढा. ऑफिस ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन प्रकारांत येतं; जुने मॅक्रो ६४-बिटवर अडू शकतात. तसं झालं तर तूर्त ३२-बिट ऑफिस टाका.