कादंबरीचा मधला भाग रेंगाळतो आहे. हस्तलिखित आताच प्रकाशकाकडे पाठवावे का?

निळी_शाई:
नमस्कार. माझ्या पहिल्या कादंबरीचा सुमारे ९०,००० शब्दांचा पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर त्यांचे लपलेले आयुष्य शोधत जाणाऱ्या मुलीची ही गोष्ट असून निवेदन तिचेच, प्रथमपुरुषी आहे. दोन वाचकांना आरंभ व शेवट आवडला, मात्र मधला भाग दोघांनाही रेंगाळलेला वाटला. एकाने तिथे एखादा अपघात घालायला सुचवले. दुसऱ्याच्या मते ते काम प्रकाशकाच्या संपादकावर सोडावे. शिवाय, छपाईचा खर्च मी दिल्यास पुस्तक लगेच काढू, असे एक प्रकाशक म्हणतात. काय करावे?

अक्षरवेल:
अपघात घालू नका. मधला भाग रेंगाळतो तो बहुधा घटना कमी असल्यामुळे नव्हे, तर त्या एकमेकींपासून सुट्या राहिल्यामुळे. मधली कोणतीही दोन प्रकरणे अदलाबदल करून पाहा. गोष्टीला काहीच धक्का लागला नाही, तर दोष तिथेच आहे. शोधकथेत हे विशेष घडते, कारण नायिकेला पत्रे सापडतात, नातेवाईक माहिती देतात आणि ती केवळ ऐकत राहते. प्रत्येक माहितीसाठी तिला काहीतरी मोजावे लागू द्या: कुणाशी तरी खोटे बोलावे लागेल, कुणाचा विश्वास मोडावा लागेल, आणि त्या कृतीचे परिणाम पुढच्या प्रकरणात तिच्या अंगावर येतील. मग प्रकरणांचा क्रम आपोआप पक्का होतो.

पाऊलखूण:
अक्षरवेल यांचे म्हणणे मला पटते, तरी मूळ त्याहून खोल असावे असे वाटते. ही मुलगी गोष्ट नेमकी कधी सांगते आहे? सगळे कळून चुकल्यानंतर सांगत असेल, तर तिला ठाऊक असलेले रहस्य ती वाचकापासून अडीचशे पाने का दडवून ठेवते, याला गोष्टीच्या आतले कारण हवे. ते नसेल, तर लेखक माहिती अडवून बसला आहे हे वाचकाला जाणवते आणि त्यालाच तो रेंगाळणे म्हणतो. अशा वेळी रहस्य आरंभीच सांगून टाकण्याचे धैर्य करून पाहा. ‘वडिलांनी काय केले’ याऐवजी ‘का केले, आणि हे कळल्यावर मुलगी त्यांना कुठे ठेवणार’ हा प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो कितीतरी अधिक काळ वाचकाला धरून ठेवतो.

मुद्रितशोधक:
प्रकाशनाविषयी. पहिला खर्डा पाठवू नका; एकदा नाकारलेले हस्तलिखित पुन्हा वाचायला प्रकाशक सहसा तयार नसतात. काही आठवडे ते बाजूला ठेवा, पुनर्लेखन करा, संवाद मोठ्याने वाचा. नंतर आपल्या प्रकारच्या कादंबऱ्या काढणारे प्रकाशक शोधून, त्यांच्या नियमांप्रमाणे छोटे पत्र, कथासार आणि आरंभीची प्रकरणे पाठवा. कथासारात शेवट लपवू नये. लेखकाला गोष्ट तडीस नेता येते का, हे संपादक त्यातूनच पाहतो.

खर्च मागणाऱ्या प्रकाशकाची कमाई वाचकाकडून नव्हे, लेखकाकडून झालेली असते; पुस्तक विकण्याची निकड त्याला फारशी उरत नाही. स्वतःच प्रकाशित करायचे असेल, तर संपादन, मुखपृष्ठ आणि छपाई यांचे पैसे वेगवेगळे द्या आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, स्वतःच्या नावावर घ्या. हा क्रमांक २००७ पासून १३ अंकी आहे, आणि छापील व ई-आवृत्तीसाठी तो स्वतंत्र लागतो.

करारनामा मात्र सावकाश वाचा. ‘सर्व हक्क’ या दोन शब्दांत ई-पुस्तक, श्राव्य आवृत्ती, अनुवाद आणि चित्रपट हे सगळे येते. प्रकाशक ज्यांचा खरोखर वापर करणार आहे तेवढेच हक्क, ठरावीक मुदतीसाठी द्या. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की विक्रीतून हाती आलेल्या रकमेवर, हे लिहून घ्या, आणि आवृत्ती संपून पुनर्मुद्रण न झाल्यास हक्क परत मिळतील असे कलम मागा. चोरीच्या भीतीने हस्तलिखित दडवू नका: लेखकांच्या हक्कांविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या सदस्य देशांत प्रताधिकार (कॉपीराइट) लिहिताक्षणीच लेखकाचा होतो, नोंदणीची अट नसते. संरक्षण मात्र मांडणीला मिळते, नुसत्या कल्पनेला नाही.

निळी_शाई:
सर्वांचे मनापासून आभार. मुलगी वीस वर्षांनंतर सांगते आहे, त्यामुळे पाऊलखूण यांचा प्रश्न थेट लागू होतो. रहस्य पहिल्या प्रकरणात आणून पुनर्लेखन सुरू करते, आणि त्या प्रकाशकांना नकार कळवते.