पुस्तकभिशी ग्रुप : ‘क्रेझी रिच एशियन्स’ घ्यायचं की नाही?

मीनल (बी-५०३): केविन क्वानचं ‘क्रेझी रिच एशियन्स’ काल रात्री संपवलं. या महिन्याच्या भिशीला हेच घेऊया, असं मनापासून वाटतं. २०१३ ची कादंबरी. रेचल न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकवते. तिचा प्रियकर निक तिला आपल्या जिवलग मित्राच्या लग्नाला सिंगापूरला घेऊन जातो, पण आपलं घराणं किती श्रीमंत आहे याचा तिला पत्ताच लागू देत नाही.

देशपांडे काका (ए-१०१): मीनल, सिनेमा पाहिलाय मी. हिरे, विमानं, पार्ट्या. आपल्या सिरियलमध्ये रोज तेच चालतं. भिशीला जरा भरीव घ्या की.

मीनल: काका, सिनेमावरून पुस्तकाला नावं ठेवू नका ना. त्यातली गंमत पैशाच्या थाटात नाहीच, ही माणसं जे बोलत नाहीत त्यात आहे. रेचलची मैत्रीण पेक लिन बिल्डरची मुलगी, घरात नुसता सोनेरी झगमगाट. आणि तिने निकच्या यंग घराण्याचं नावही कधी ऐकलेलं नसतं! निकच्या आजीचं घर, टायर्सल पार्क, नकाशात सापडत नाही. आत शिरायला गुरख्यांचा पहारा ओलांडावा लागतो. जिथे दहातली आठ माणसं सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये राहतात, त्या शहरात एवढी जमीन चारचौघांच्या नजरेआड ठेवणं, ही खरी श्रीमंती.

ऋचा (सी-२०४): अगदी! मी सिंगापूरला नोकरीला होते तेव्हा ऑफिसातल्यांनी सांगितलं होतं, तिथे ‘गुड क्लास बंगलो’ म्हणवायला निदान १,४०० चौरस मीटरचा प्लॉट लागतो. आपल्यासारख्यांनी ती घरं कुंपणाबाहेरूनच बघायची.
आणि रेचल आजीकडे पहिल्यांदा जाते ती रात्र आठवते? तान हुआ उमलणार म्हणून सगळं गोत जमलेलं असतं. शैला काकू, तुमच्या गॅलरीत ब्रह्मकमळ फुलतं ना, तेच हे झाड. फूल एका रात्रीपुरतं, पण सगळ्यांच्या नजरा रेचलवर. कुठली, कोणाची, काय घातलंय.

शैला काकू (ए-३०२): हो का! पुढच्या वेळी फुललं की सगळ्यांना बोलावते. मला निकची आई फार आवडली बाई. आवडली म्हणजे, लक्षात राहिली. तिचं आणि तिच्या मैत्रिणींचं बायबल मंडळ आहे, तिथे शेअर, दागिने, मुलांची लग्नं सगळं निघतं. निकने रेचलबद्दल घरी सांगायच्या आत बातमी न्यूयॉर्कहून सिंगापूरला पोचते. तिकडे कोणीतरी शेजारच्या टेबलावरून ऐकलं, एवढंच निमित्त.

चिन्मय (बी-१०२): मला सिनेमातली आई जास्त भावली. २०१८ चा तो, मिशेल योने केलेली. सासूने आपल्याला खानदानी अंगठी दिली नाही, मग नवऱ्याने वेगळी करवून घेतली, हे ती रेचलला सांगते तेव्हा ती एकदम कळते. ती पाचूची अंगठी मिशेल योची स्वतःची होती म्हणे. आणि शेवटचा माहजोंगचा, म्हणजे त्या चिनी सोंगट्यांच्या खेळाचा डाव! जिंकून देणारी सोंगटी रेचलच्या हातात येते आणि ती सोडून देते.

मीनल: तो डाव पुस्तकात नाही, चिन्मय. सिनेमासाठी नवा लिहिलाय, आणि उत्तम लिहिलाय. पुस्तकातली आई मात्र इतक्या लवकर विरघळत नाही. ती रेचलच्या घरच्यांचा माग काढायला माणसं लावते.

चिन्मय: बस्स! पुढचं सांगू नका, मी वाचणार आहे.

देशपांडे काका: लंडनच्या हॉटेलात निकच्या घरच्यांना खोली नाकारतात, तो प्रसंग पुस्तकात आहे का? तो मला पटला होता.

मीनल: आहे ना काका, सुरुवातीलाच. १९८६ साल, मंडळी लहान मुलांसकट पावसात चिंब भिजून आलेली, आणि मॅनेजर म्हणतो खोल्या नाहीत. सिनेमात आई फोन करते, पुस्तकात निकची आत्या. थोड्या वेळात हॉटेलच त्यांचं! मी हसले, पण राग पण आला. पैसे नसते तर त्या मुलांनी रात्र कुठे काढली असती?

ऋचा: मला राग निकचा येतो. इतकं प्रेम आहे, तर तिला आधी सांगायला तोंड नव्हतं का? बिचारी काही माहीत नसताना त्या माणसांच्या तावडीत सापडली. लेखकाने त्याला फार सहज सोडलंय.

शैला काकू: अगं, त्याला लहानपणापासून हेच शिकवलंय, पैशाबद्दल बोलायचं नाही. ती त्याची आतेबहीण अ‍ॅस्ट्रिड बघ, पॅरिसहून आणलेले कपडे नवऱ्यापासून लपवते.

ऋचा: काकू, अ‍ॅस्ट्रिड नवऱ्याचा मान जपायला लपवते. निकने स्वतःची सोय बघितली. मला नाही पटत.

देशपांडे काका: बरं, निकचा निकाल भिशीलाच लावू. पुस्तक कोणाकडे आहे?

मीनल: उद्या सकाळी वॉचमनकडे ठेवते, काका. कपड्यांच्या ब्रँडची नावं कंटाळवाणी वाटली तर भराभर पुढे जा, पण तळटिपा सोडू नका. हॉकियन (तिथल्या चिन्यांची एक बोली) आणि मलय शब्द त्यात समजावलेत, आणि लेखक तिथे अगदी मोकळा बोलतो. सुरुवातीला वंशावळ आहे, तिथे खूण घालते. नाती फार आहेत, सारखं मागे जावं लागेल.