मायर म्हणजे महापौर नव्हे

'मायर' या जर्मन आडनावाचा अर्थ महापौर, असं कुणीतरी लिहिलंय. मायर आणि इंग्रजी 'मेयर' (महापौर) यांचं मूळ एकच, लॅटिन 'मायोर' (मोठा); पण जर्मनीतला मायर म्हणजे पूर्वीच्या काळी जमीनदाराच्या शेतीवाडीचा कारभारी, कुळांकडून खंड गोळा करणारा. आपल्याकडच्या खोताची आठवण यावी असा! महापौराला तिकडे 'ब्युर्गरमाइस्टर' म्हणतात.

गावोगावी असे कारभारी, म्हणून आडनावही उदंड. उच्चार जवळपास एकच, स्पेलिंगं मात्र चार-पाच. त्यावरून माणूस उत्तरेकडचा की बव्हेरियातला, याचा अंदाज बांधता येतो. सगळी एकत्र मोजली तर हे आडनाव थेट जर्मनीत सर्वाधिक आढळणाऱ्या म्युलरच्या (पिठाची चक्कीवाला) पंक्तीत बसतं.

ज्यू घराण्यांतलं मायर मात्र बऱ्याचदा हिब्रू 'मेइर'वरून, म्हणजे 'प्रकाश देणारा'. पुढे इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मायरसन यांनी १९५६ साली आडनाव बदलून 'मेइर' केलं, ते हेच.