आधी नवं रबर, मग पीयू

जुन्या मारुती एस्टीमला सगळीकडे रबराऐवजी पॉलियुरेथेनचे (पीयू, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बुश, म्हणजे सस्पेंशनच्या सांध्यांतल्या गाद्या, टाकायचं म्हणताय, पण जरा थांबा. माझी 2004 ची एस्टीमही इथे बडोद्यातच, दांडिया बाजारात असते. वळणावर ती भरकटायची, ब्रेक मारला की एका बाजूला ओढायची. लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) काढला तर बुशचं रबर आतल्या नळीपासून साफ सुटलेलं, नळी बोटाने गरागरा फिरत होती. जुन्या गाडीचं हँडलिंग म्हणून आपण जे सोसतो ते बऱ्याचदा असं मेलेलं रबर असतं.

मी आर्मला नवे रबरी बुशच घातले, पीयू फक्त स्टॅबिलायझर बारला (वळताना गाडी कलू न देणारी आडवी दांडी). हालोल रोडवर लेन बदलताना फरक लगेच कळला. आर्मलाही पीयू टाकलं तर गाडी आणखी नेमकी वळेल, पण पावसाळ्यानंतरचा प्रत्येक खड्डा थेट पाठीला कळेल. शिवाय पीयूला सिलिकॉन ग्रीस नीट नसेल तर ते ओसरीतल्या झोपाळ्यासारखं कुरकुरतं. (बायको अजून विचारते, हा आवाज कसला.)

एक मात्र समोर उभं राहून करून घ्या. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना कसू देऊ नका. रबर आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटलेलं असतं. तसं कसलं की चाक जमिनीला टेकताच त्याला कायमचा पीळ बसतो. माझा पहिला जोड असाच वर्षभरात फाटला. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा टाइट, मग चाकांची अलाइनमेंट.