सुकट, स्मोक अलार्म आणि बी विंग

माधुरी (३०४): काल साडेआठला आमच्याकडून जो कर्कश आवाज आला, त्याबद्दल सॉरी हं. आग वगैरे काही नव्हती, मी सुकट भाजत होते. मुलाने हौसेने स्मोक अलार्म आणून ओट्याच्या बरोब्बर वर लावलाय. शेवटी लाटण्याने ढोसून पाडला. आता बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये.

कुलकर्णी काका (१०२): वास खालपर्यंत आला होता. आवाजाची तक्रार नाही, बोलावलं नाहीत याची आहे 😄

निखिल (५०१): काकू, ड्रॉवरमध्ये नको, जागा तेवढी बदला. शेगडीपासून निदान १० फूट लांब हवा. हॉलमधून दोन्ही बेडरूमकडे जो पॅसेज जातो ना, त्याच्या छताला लावा.

माधुरी (३०४): अरे, पण आग लागली तर किचनमध्येच लागणार ना?

निखिल (५०१): तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही समोरच असता. रात्री दोनला फ्रिजमागची वायर जळायला लागली तर? धुराच्या वासाने झोपेतून जाग येईलच असं नाही. उलट त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने गुंगी येते. म्हणून आवाज उशाशी पोचायला हवा. खरं तर प्रत्येक बेडरूममध्ये एक आणि पॅसेजमध्ये एक. आपण दारं लावून एसीत झोपतो, त्यामुळे पॅसेजमधला आवाज आत येतो का, ते दार लावून बघा.

कुलकर्णी काका (१०२): छताला ड्रिल मारलं तर आमच्या पीओपीचं कल्याण होईल. भिंतीवर चालेल?

निखिल (५०१): चालेल. छताखाली ४ ते १२ इंचांत. अगदी कोपऱ्यात नको, तिथली हवा हलत नाही, धूर उशिरा पोचतो. पंख्याच्या पात्यांपासून ३ फूट लांब. एसीच्या झोतात नको, बाथरूमच्या दाराशीही नको. गरम पाण्याची वाफही त्याला धूरच वाटते.

शुभदा (४०३): आमचं देवघर हॉलमध्ये आहे. गणपतीत धूप, कापूर... आरतीत हाही सूर लावणार का?

निखिल (५०१): डोक्यावरच लावलात तर नक्की 😂 पॅसेजमध्येच ठेवा. आणि फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे धूर प्रकाशाने ओळखणारा घ्या. गादी-सोफ्याची धुमसती आग तो लवकर पकडतो, फोडणीला त्या मानाने कमी ओरडतो.

शेख (२०१): आमच्याकडे अजून सिलिंडर आहे. गॅस लीक झाला तर हाच वाजेल का?

निखिल (५०१): नाही, त्याला गॅस डिटेक्टर वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून तुम्ही जमिनीपासून फूटभराच्या आत लावा. पाइपगॅसवाल्यांचं उलटं. मिथेन हलका, त्यांनी छताजवळ.

सेक्रेटरी: जानेवारी-जुलैत अग्निशमन दलाकडे जो बी फॉर्म जातो तो इमारतीच्या फायर सिस्टिमचा. घरातलं ज्याचं त्याने बघायचं. आणि ज्यांच्या स्कूटरची बॅटरी रात्रभर मुख्य दाराशी चार्जिंगला असते, त्यांनी कृपया ती तिथून हलवावी. काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच. नाव घेत नाही.

कुलकर्णी काका (१०२): घेतल्यासारखंच आहे.

माधुरी (३०४): लावला पॅसेजमध्ये. हे दुपारी दार लावून, एसी लावून झोपले होते, तेवढ्यात मी टेस्टचं बटण दाबलं. शेजारची बेल वाजवत आली, हे कूस बदलून घोरतायत. निखिल, बेडरूमसाठी एक सांगून ठेव रे.